पाण्याची वेलांटी

"ओल्या फडक्यानं नको," ऑपरेटरबाई म्हणाल्या, तेव्हा फडके संगणकाच्या पडद्यापासून वीतभर अंतरावर होते. पेंटरीण जागच्या जागी थांबली. फडक्यातला एक थेंब टेबलावर पडला, तो तिने घाईने बाहीने टिपला आणि मग फडके कुठे ठेवावे ते न सुचून पाठीमागे धरून उभी राहिली.

पेंटरीण हे नाव नवऱ्यावरून; ती स्वतः आयुष्यभर जिने पुसत आली होती. सकाळी मोठ्या रस्त्यावरच्या एका कचेरीचे जिने, आणि आता दुपारनंतर ही खोली. पुसायचे म्हणजे पाणी आलेच, हे तिच्या इतके अंगवळणी पडले होते की पाण्याशिवाय पुसायची वस्तू असते हे तिच्या डोक्यातच आले नव्हते. ऑपरेटरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून एक कोरडे मऊ कापड काढून दिले आणि सांगितले की पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः एका यंत्रावर चहा सांडला होता. ते अजून कोपऱ्यात रुसून बसले आहे.

ही खोली म्हणजे बंद पडलेल्या बस डेपोतली प्रवाशांची बसायची खोली. डेपो दुसरीकडे हलला, गाड्या गेल्या, भिंतीलगतची बाकडी तेवढी राहिली. वस्तीत काम करणाऱ्या एका संस्थेने खोली मागून घेतली, कचेऱ्यांनी काढून टाकलेले संगणक आणून मांडले आणि शिकवायला ऑपरेटरबाईंना बसवले. बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. जन्मभर त्यांनी या माणसाचा फोन त्या माणसाला जोडून दिला, मग ते काम यंत्र करू लागले आणि बाई घरी बसल्या. उतारवयात भाचीकडून संगणक शिकल्या. स्वभाव तसा तुटकच, पण आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावे, आता आपले काम होणार.

वर्गाला गवंडीकाका येत. ते प्रत्येक बटणावर वीट बसवल्यासारखे बोट ठोकत. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी येत. धाकटीने बटणाला हात लावला की थोरली हमखास म्हणे, "हळू, उसवेल." पेंटरीण त्यांच्या पायांखालून झाडू फिरवी आणि पडद्यांकडे बघायचे टाळी.

"नुसतं झाडताय कशाला," ऑपरेटरबाई एकदा म्हणाल्या, "बसा की एखाद दिवशी."

"आमच्याकडे त्याचं नाव काढत नाहीत, बाई," ती म्हणाली.

ते खरेच होते. पेंटर म्हणजे तिचा नवरा. एके काळी वस्तीतल्या आणि आसपासच्या बाजारातल्या बहुतेक सगळ्या पाट्या त्याच्या हातच्या. दुकानांची नावे, दवाखान्यांचे फलक, शाळेच्या कुंपणावरची वाक्ये. शिडीवर उभा राहून खडूची एक रेघ मारायचा आणि ब्रश टेकवायचा. टेकवला की अक्षर संपेपर्यंत उचलायचा नाही. तो स्वतःला कलावंत वगैरे म्हणवून घेत नसे. पण गिऱ्हाइकाने अशुद्ध लिहायचा आग्रह धरला, तर काम टाकून शिडीवरून उतरायचा. मग संगणकावर छापलेले फ्लेक्स आले. सकाळी सांगावे आणि संध्याकाळी न्यावे, वर मालकाचा हसरा फोटो. एकेक दुकान हातचे गेले. बाजारातली त्याची सगळ्यांत मोठी पाटी उतरवून तिच्या जागी फ्लेक्स चढला, त्या दिवशी त्याने घरी येऊन ब्रश घासलेटात धुतले, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले आणि माळ्यावर टाकले. तेव्हापासून कोणी कॉम्प्युटर म्हटले की तो उठून बाहेर जाई.

पुढे मिळेल ते रंगकाम केले. घरे रंगवली, गेट रंगवली. आणि एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातला वस्तरा खाली पडला. उचलायला म्हणून तो वाकला आणि तिथेच कोसळला.

उजवी बाजू गेली होती. काही महिन्यांनी पायात थोडा जीव आला, काठी टेकत तो चालू लागला. हात आला नाही आणि जीभ वळली नाही. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितले की डोके शाबूत आहे, सगळे कळते, बोलणे तेवढे तोंडातून निघत नाही. तिने पाटी-पेन्सिल आणून दिली. डाव्या हाताने त्याने एक अक्षर काढले. वाकडे, थरथरते, दुसऱ्या कोणाचे तरी असावे असे. ते त्याने बराच वेळ पाहिले आणि पाटी भिंतीवर आपटून फोडली. पुन्हा लिहायला म्हणून त्याने हात उचलला नाही. दवाखान्यातल्या नर्सने अक्षरांचा एक तक्ता दिला होता. एकेका अक्षरावर बोट ठेवून शब्द सांगायचा. पण पेंटरिणीचे वाचन अडखळत चालणारे. चौथे अक्षर येईतो पहिले डोक्यातून जाई. तो चिडे, ती रडकुंडीला येई. तक्ता खाटेखाली गेला.

मग ते बोट सुरू झाले.

ती कामावरून घरी आली की तो तिची बाही धरायचा आणि डाव्या हाताचे बोट वर करायचा. तोंडाने "आ, आ" असा आवाज. रोज. सुरुवातीला तिने विचारून पाहिले की दिवा हवा का, उकडतं का, छप्पर गळतंय का. तो मानेने नाही म्हणायचा. शेवटी एका संध्याकाळी, कधीपासून मनात घोळत होते ते तिने धीर करून विचारलेच.

"वर जायचं म्हणताय का?"

त्याने जोरजोरात मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पेंटरीण खाटेच्या कडेवर बसली.

त्यानंतर तिने पुन्हा विचारले नाही. बोट वर झाले की ती ते मुठीत धरून खाली करी आणि म्हणे, असं मनात आणू नये. तो हात हिसडून घेई आणि भिंतीकडे तोंड करून पडून राही. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. तिला फोनवर हे सांगितले तेव्हा मायलेकी दोन्हीकडून रडल्या. मुलगी म्हणाली, बाबांना फोन दे. पण तो फोनजवळ येतच नसे. नुसते "आ" ऐकवायला कशाला यायचे?

अशातच थोरले दीर भेटायला आले. मनाने माणूस सरळ. त्यांच्या गावाजवळ अशा माणसांना सांभाळणारे एक सेवाघर होते. माणसे चांगली, अंगण मोठे, दिवसभर कोणीतरी जवळ. इथे ही दिवसभर बाहेर, आणि तू एकटा खाटेवर. काही झालं तर कोणाला हाक मारणार, असे त्यांनी धाकट्या भावाला समजावले. पेंटरने बायकोकडे पाहिले. ती मान खाली घालून धुतलेली बशी पुन्हा पुन्हा पुसत होती. मग त्याने हळूच मान डोलावली. झाले, ठरले. तिथे लवकरच एक जागा रिकामी व्हायची होती.

पेंटरिणीला रडू आले नाही. तिला वाटले, बरोबरच आहे. ज्याला या जगातूनच जायचंय त्याला या खोलीतून तरी सुटावंसं वाटणारच. आपला कंटाळा आला त्यांना, एवढाच याचा अर्थ.

पण दीर जाता जाता आणखी एक गोष्ट सांगून गेले होते. ज्यांना फोनवर बोलता येत नाही त्यांच्यासाठी घरचे लोक संगणकावरून निरोप पाठवतात आणि सेवाघरातली एक बाई तो वाचून दाखवते. जिने पुसताना हे वाक्य तिच्याबरोबर पायरी पायरी उतरत राहिले. दुपारी खोली झाडून झाल्यावर तिने झाडू दाराआड उभा केला आणि ती ऑपरेटरबाईंच्या टेबलापाशी गेली.

"मला शिकायचंय," ती म्हणाली. "जास्त नाही. मी बरी आहे, तुम्ही जेवलात का, एवढं लिहिता आलं तरी पुरे."

कोणाला लिहायचे आहे ते ऑपरेटरबाईंनी विचारले नाही. लोकांचे फोन जोडून द्यायचे, पण ऐकायचे नाहीत, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी खुर्ची ओढून दिली.

बटणांवर बाईंनी मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, पण अक्षरे मुळी ओळीने नव्हतीच. 'क' इथे तर 'ख' त्याच्याच पोटात, कडेचे बटण दाबून धरले तरच बाहेर येणारा. अंधारात सुई शोधावी तशी पेंटरीण एकेक अक्षर शोधी. सापडले की स्वतःशी "हां" म्हणे. आणि एक गोष्ट तिला हळूहळू कळली. पडद्यावर आलेले अक्षर पळून जात नाही. चौथे अक्षर आले तरी पहिले आपल्या जागी उभे असते, वाट बघत. शाळेत दोन-तीन इयत्ता बसली होती तेव्हा फळ्यावरचे पुसले जाण्याआधी तिला कधी पुरते वाचताच आले नव्हते. इथे कोणी पुसत नव्हते. थोड्याच दिवसांत बाजारातून येताना ती दुकानांची नावे ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागली.

घरी तिने यातले काही सांगितले नाही.

ती कामावर असताना शेजारीण पेंटरकडे येऊन-जाऊन बघत असे. एका दुपारी शेजारणीला माहेरी जावे लागले, तेव्हा पेंटरीण त्याला म्हणाली, चला, मी झाडून घेईपर्यंत बाकावर बसा, तेवढंच हवापालट. कुठल्या खोलीत ते सांगितले नाही. तो काठी टेकत आला. दारातून आतले पडदे दिसले तसा थबकला आणि तिच्याकडे असे काही पाहिले की तिने नजर चुकवली. परत जायचे तर पाय थकला होता. तो आत आला आणि पडद्यांकडे पाठ करून बाकावर बसला.

समोरच्या भिंतीत डेपोची जुनी खिडकी होती. तिच्यावर निळ्या अक्षरांत लिहिलेले होते, 'चौकशी'. खाली लाल सावली. त्याच्याच हातचे. संस्थेच्या लोकांनी भिंत रंगवली, पण तेवढी अक्षरे ऑपरेटरबाईंनी पुसू दिली नव्हती. चांगली आहेत, राहू देत, म्हणाल्या होत्या. पेंटर त्यांच्याकडे बघत बसला.

पेंटरिणीने झाडलोट उरकली आणि जरा वेळ घुटमळून आपल्या खुर्चीवर बसली. त्या दिवशी घरातल्या वस्तूंची नावे लिहायची होती. नवशिक्यांसाठी बाई अक्षरे मोठी करून देत, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतील एवढी. तिने खाट लिहिले. दिवा लिहिले. मग बराच शोध घेऊन लिहिले, पाणि.

पाठीमागे काठी वाजली. ती वळली तर पेंटर, केव्हा मान वळवून बघू लागला कोण जाणे, तिच्या खुर्चीमागे उभा. "आ," तो म्हणाला आणि पडद्याकडे बोट केले. "आ. आ." चेहरा लाल झालेला. पेंटरिणीला ती भिंतीवर आपटलेली पाटी आठवली. हे यंत्र काही आपले नव्हे, या भीतीने ती अर्धवट उठून पडदा आणि त्याच्यामध्ये आडवी झाली. त्याने तिला कोपराने बाजूला सारले आणि पडद्यावरच्या शेवटच्या अक्षरावर बोट टेकवले. काढले, पुन्हा टेकवले.

ऑपरेटरबाई चष्मा सावरत आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिले, पेंटरकडे पाहिले.

"वेलांटी चुकलीय," त्या पेंटरिणीला म्हणाल्या. "पाण्याला दुसरी वेलांटी."

पेंटरने मान डोलावली. 'पिण्याचे पाणी' त्याने किती नळांवर, किती टाक्यांवर लिहिले असेल! त्या शब्दाची पहिली वेलांटी त्याला पाठमोऱ्या बाकावरूनही खुपली असती.

"मग तुम्हीच करा दुरुस्त," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्यांनी खोडायचे बटण दाखवले, वेलांटीचे दाखवले आणि बाजूला झाल्या.

तो बसला नाही. उभ्यानेच काठी खुर्चीला टेकवली आणि डाव्या हाताचे बोट पुढे केले. बोट थरथरत होते. खोडायच्या बटणावर ते दोनदा घसरले. चुकीची वेलांटी गेली. मग दुसरी वेलांटी, तिलाही वेळ लागला. बोट खाली आले आणि पडद्यावर शब्द पुरा झाला, पाणी.

बोट थरथरले होते, पण अक्षर थरथरले नव्हते. सरळ, ताठ, रेघेवर नीट बसलेले. पेंटर त्याच्याकडे बघत राहिला, पाटीकडे पाहिले होते तसाच. पेंटरिणीने टेबलाची कड घट्ट धरली. मग तो खुर्चीवर बसला.

पुढे अडचण आली. काही अक्षरांना दोन बटणे एकदम दाबावी लागत आणि त्याला हात एकच. ऑपरेटरबाईंनी संगणकाच्या आतल्या सगळ्या खिडक्या उघडून पाहिल्या, एकदा स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या आणि अखेर एक सोय शोधून काढली, एकदा दाबलेले बटण दाबलेलेच राहील अशी. एका हाताच्या माणसांसाठीच ती ठेवलेली असावी. मग त्या 'चौकशी'च्या खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या.

पेंटर लिहीत होता. एक टक, मग शोध, मग एक टक. गवंडीकाकांचे ठोकणे थांबले होते. पेंटरीण त्याच्या खांद्यावरून वाकून, ओठ हलवत, एकेक अक्षर उचलत होती.

"मा... ळ्या... वर. माळ्यावर. उं... उंदीर." तिला वाटले, तोही तिच्यासारखे घरातले शब्द लिहून बघतोय. "माळ्यावर उंदीर," तिने पुन्हा शहाण्या मुलीसारखे वाचले.

तो थांबला नव्हता. पुढची अक्षरे आली. ब्रश खातात. आणि मग, किती दिवस सांगतोय.

पेंटरिणीने ते मनात वाचले. पुन्हा वाचले. मग तिने मान वर करून त्या खोलीच्या छताकडे पाहिले, जणू माळा तिथेच होता.

"हे सांगत होता तुम्ही?" ती म्हणाली. "ते बोट... वर जायचं म्हणजे..."

त्याने मान डोलावली. जोरजोरात, त्या संध्याकाळसारखीच.

तिच्या तोंडून आधी एक उचकीसारखा आवाज आला. मग ती खाली फरशीवरच बसली, आपणच आत्ता झाडलेल्या, आणि हसू लागली. हसता हसता तिला रडू येत होते आणि रडता रडता ती सांगत होती की मला काय वाटलं, लेकीला काय सांगितलं, रोज तुमचं बोट धरून मी काय काय बोलले. पेंटर तिच्याकडे बघत राहिला. काय झाले होते ते त्याला हळूहळू उमगले आणि त्याच्या घशातून एक मोठा विचित्र आवाज निघाला. शिवणवाली धाकटी घाबरून उठली. मग सगळ्यांच्या ध्यानात आले की तो हसतोय. हसायला जीभ वळावी लागत नाही.

संध्याकाळी गवंडीकाकांनी शिडी आणून लावली. पेंटरीण माळ्यावर चढली. इतके दिवस तिने मुद्दामच तिकडे पाहिले नव्हते. ब्रश दिसले तर नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून. खोक्याची एक बाजू कुरतडून गेली होती. आत केसांचे आणि चिंध्यांचे मऊ घरटे, आणि त्यात ब्रशांचे नुसते दांडे. खाली येऊन तिने ते खाटेवर ओळीने मांडले. पेंटरने एकेक उचलला. जिथे केस असायचे तिथून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. बारीक रेघेचा, सावलीचा, मोठ्या अक्षरांचा, सगळे.

दुसऱ्या दिवशी खोलीत त्याने सगळ्यांत आधी लिहिले ते एवढेच की टाकून दे. तिने टाकून दिले. लेकीला फोनवर उंदरांची हकिगत सांगितली, तेव्हा लेक इतकी हसली की तिचे बाळ जागे झाले.

तरी सेवाघराचे राहिलेच होते. दीर रविवारी यायचे होते. माळ्यावरच्या गोष्टीने छातीवरचा एक दगड उतरला होता, पण दुसरा होता तिथेच होता. दोन दिवस ती तो विषय तोंडाशी आणून गिळत होती. मग एका दुपारी, वर्गातले लोक गेल्यावर, ती त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, भाऊजी येतायत न्यायला, तुमचे कपडे काढून ठेवू का?

त्याने लिहिले, तुला हवे होते ना.

"मला? मी कधी म्हणाले?"

गप्प बसलीस.

पेंटरीण आताही क्षणभर गप्पच बसली. मी बशी पुसत होते ती, तिला सांगायचे होते, वर बघितलं असतं तर रडले असते म्हणून. ते तिला जमले नाही. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माझा कंटाळा आला."

त्याचे बोट बराच वेळ बटणांवर फिरत राहिले. काहीतरी मोठे येणार म्हणून ती पडद्याकडे डोळे लावून बसली.

उंदरांचा आला होता, असे आले.

रविवारी दीर आले ते रिकामी पिशवी घेऊनच, भावाचे सामान भरायला. पेंटरिणीने त्यांना घरी बसूच दिले नाही. ऑपरेटरबाईंकडून तिने किल्ली आणून ठेवली होती. डेपोच्या त्या खोलीत तिने दिरांना बाकावर बसवले, पेंटर खुर्चीवर बसला आणि त्याने लिहायला घेतले. दीर काही न समजून दोघांकडे बघत होते. मग तिने त्यांना उठून पडद्यापाशी यायला सांगितले.

दादा, मी जात नाही. चहा घेऊन जा.

दिरांनी ते वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून वाचले. मग ते धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांनी सांगितले की सेवाघराचे ठरवून गेले तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता, पण शब्द दिला गेला होता आणि मोडायचा कसा ते कळत नव्हते. चहा घेतल्यावरही ते उठले नाहीत. भावाला एकेक विचारत बसले, जुन्या घराबद्दल, आईबद्दल, लहानपणी विहिरीत पडलेल्या घड्याळाबद्दल. प्रत्येक उत्तराला फार वेळ लागे. ते थांबत. जाताना पिशवी तशीच रिकामी घडी करून खिशात घातली.

पेंटर सकाळपासूनच खोलीत येऊन बसू लागला. ऑपरेटरबाईंनीच सुचवले होते, खोली उघडी असतेच, मग घरी एकटं कशाला. तिथे तो दिवसभर लिही, मुलीला, भावाला, कधी कोणालाच नाही. शिवणवाल्या बहिणींना काही अडले की त्या आता बाईंऐवजी त्याला विचारत, कारण तो रागावू शकत नाही असा त्यांचा समज होता. तो त्याने लवकरच दूर केला.

आणि मग एका दुपारी पेंटरीण कामावरून थेट तिथे आली, तेव्हा पडद्यावर तिच्यासाठी भलेमोठे काहीतरी लिहून ठेवलेले होते. तिला आनंदच झाला. ती बसली आणि बोटाने ओळ धरून वाचू लागली. माझी दाढी नीट करत जा, हनुवटीखाली केस राहतात. चहात साखर फार घालतेस. सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात लावतेस. शेजारणीजवळ माझ्याबद्दल बोलतेस ते मला ऐकू येते. मी बहिरा नाही.

इथवर वाचता वाचता तिचे कान तापले. साखरेचे तिने सोडून दिले असते. पण ते शेवटचे वाक्य तिला झोंबले, कारण ते खरे होते. ती म्हणाली की दिवसभर जिने पुसून यायचं, वर तुमचं सगळं करायचं, कुणाजवळ दोन शब्द बोलले तर बिघडलं कुठे? आणि तुम्ही बोलत नव्हता तेव्हा मी बोलायचं तरी कुणाशी? त्याने लगेच खुर्ची पुढे ओढली आणि बटणांवर बोट आपटायला सुरुवात केली. उत्तराची वाट न बघता ती उठली आणि बाहेर निघून गेली.

पूर्वी गाड्या उभ्या राहत तिथे एक लांब बाकडे होते. त्यावर ती दाराकडे पाठ करून बसली. फरशीच्या फटींतून गवत वर आले होते. थोड्या वेळाने ऑपरेटरबाई बाहेर आल्या आणि काय झाले म्हणून त्यांनी विचारले.

"भांडलो," पेंटरीण म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तो तिला स्वतःलाच नव्याने ऐकू आला. ती राग धरून बसायचा प्रयत्न करत होती, पण तोंडाचे कोपरे ऐकत नव्हते. ऑपरेटरबाई आत गेल्या.

आत टकटक चालू होती. एक टक, मध्ये शोध, मग पुन्हा एक टक. बराच वेळ चालली होती, म्हणजे उत्तर लांबलचक असणार. पेंटरीण वळली नाही. तिने केस कानामागे सारले, पाठ ताठ केली आणि आपण त्यावर काय बोलायचे ते मनात जुळवत ती तिथेच बसून राहिली.